‘घ्या की’ न म्हणणाऱ्यांचा देश

बेळगावात पाहुण्याचं पहिलं ‘नको’ कुणी मनावर घेत नाही. ‘घ्या की, एवढंसं तर आहे’ म्हणत वाढणं चालूच राहतं, आणि तिसऱ्या ‘नको’पर्यंत ताटात आणखी एक पोळी पडलेली असते. स्वीडनमध्ये तुम्ही ‘नेय, तक’ म्हणालात, म्हणजे ‘नको, आभार’, की भांडं शेजारच्याकडे सरकतं आणि परत येत नाही. भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘या, तक’ म्हणा. उलट बाजूनंही तसंच. स्वीडिश पाहुण्याला आग्रह करून वाढलंत तर आपलं बोलणं यांना ऐकू गेलं नाही असं त्याला वाटतं, आणि तो नाइलाजानं संपवत बसतो.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून शिकायला किंवा नोकरीला तिकडे जाणाऱ्यांची पहिल्या महिन्यातली बरीचशी अडचण एवढ्या एका गोष्टीतून येते. तिथे सांगायचं ते एकदाच सांगतात, बहुतेक वेळा लिहून सांगतात, आणि त्याचा अर्थ शब्दाएवढाच असतो.

संबोधनाचं बघा. आपल्याकडे मराठीत तू, तुम्ही, आपण, वर कन्नडातलं ‘री’. चौघांशी बोलताना चार तऱ्हा. स्वीडिशमध्ये सगळ्यांना ‘दू’, म्हणजे तू. पूर्वी तिथेही समोरच्याला हुद्द्यानं, तिऱ्हाइतासारखं विचारत, ‘डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का?’ या धर्तीवर. 1960च्या दशकाच्या अखेरीस ते मोडलं. 1967 साली ब्रूर रेक्सेड हे आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणणार असं त्यांनी जाहीर केलं. त्यांचं नाव या बदलाला कायमचं चिकटलं. आता प्राध्यापकही पहिल्या नावानं, कंपनीचा मुख्य अधिकारीही पहिल्या नावानं. राजघराणं तेवढं वगळा. ईमेलची सुरुवात ‘हेय’ आणि नाव, संपलं. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिल्यानं आदर वाढत नाही, वाचणारा अवघडतो.

वेळेच्या बाबतीत मराठी माणसासाठी एक खास खड्डा आहे. ‘हाल्व ऑट्टा’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा आठ’. आपल्या कानाला ते साडेआठ वाटतं, असतं साडेसात. जेवणाच्या आमंत्रणाला तासभर उशीर होण्याचं हे एक साधं कारण आहे. मोबाइलवर 19.30 असं लिहून मागवा. दुसरं, तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक सांगतात: ‘वेका 42’मध्ये भेटू. आठवडा सोमवारी सुरू होतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे क्रमांक दाखवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

सहाचं आमंत्रण म्हणजे सहा. पाच मिनिटं उशीर चालतो, दहा मिनिटं लवकर चालत नाही. लोक खाली फुटपाथवर उभे राहून वेळ काढतात. चपला-बूट दाराशी काढायचे, हे आपल्या अंगवळणी आहेच. हिवाळ्यात जाड मोजे किंवा घरात घालायचे हलके बूट सोबत न्या. फुलं किंवा चॉकलेट पुरे. जेवण झाल्यावर ‘तक फॉर मातेन’, जेवणाबद्दल आभार, हे रांधणाऱ्याला तोंडानं सांगायचं. लहान मुलंही सांगतात. नंतर पुन्हा भेट झाली, अगदी महिन्यानं का असेना, की ‘तक फॉर सेनास्त’, गेल्या खेपेबद्दल आभार. हे विसरलं तर कुणी बोलणार नाही. पण लक्षात राहतं.

कामावरच्या ‘फीका’ला, म्हणजे सगळ्यांनी मिळून कॉफी पिण्याच्या वेळेला, नुसती चहाची सुट्टी समजू नका. सकाळी साधारण नऊ-साडेनऊ आणि दुपारी तीनच्या सुमाराला सगळे एका टेबलाशी बसतात. कोण कुठलं काम सोडतंय, कुणाचं अडलंय हे तिथेच कळतं. ‘मला खूप काम आहे’ म्हणून रोज खुर्चीवर बसून राहणारा कष्टाळू दिसत नाही, फटकून वागणारा दिसतो. बऱ्याच ठिकाणी खाऊ आणायच्या पाळीची यादी भिंतीला लावलेली असते. आपली पाळी आली की घरचं काही नेलं तरी आवडीनं खातात, फक्त त्यात काजू-शेंगदाणे असतील तर चिठ्ठीवर लिहा. दालचिनीच्या बनांच्या पिठात जाडसर कुटलेला वेलदोडा असतो, त्यामुळे आपल्या माणसाला ती चव लगेच जवळची वाटते. ताटलीत शेवटचा तुकडा उरला की तो कुणी उचलत नाही. अर्धा कापतात, मग त्याचाही अर्धा. मजेशीर प्रकार आहे.

आता कपडे धुण्याची खोली, ‘त्वेत्तस्तूगा’. अपार्टमेंटच्या बऱ्याच इमारतींत घरात वॉशिंग मशीन नसतं. तळघरात सगळ्यांचं मिळून असतं आणि त्याची वेळ राखून ठेवावी लागते. जुन्या इमारतीत दाराबाहेर महिन्याचा फळा असतो. तुमच्या घराच्या क्रमांकाचं छोटं कुलूप हव्या त्या तारखेच्या भोकात बसवून किल्ली फिरवायची. नव्या इमारतीत दाराच्या किल्लीसारखी चालणारी चिप स्क्रीनला लावायची. वेळ मिळते तीन-चार तासांची. शनिवार-रविवार आधीच भरलेले असतात. अर्ध्या तासात मशीन सुरू केलं नाही तर वेळ दुसऱ्याला, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो.

चूक हमखास वाळवण्याच्या हिशेबात होते. 40 अंशांची धुलाई तासाभराची, पण गरम हवेच्या कपाटात जाड कपडे वाळायला दीड-दोन तास लागतात. म्हणून सगळी मशीनं पहिल्या पंधरा मिनिटांत लावा आणि जाड कपडे पहिल्या खेपेत घाला. शेवटच्या तासात नवी खेप लावलीत तर ओल्या चादरी टोपलीत घेऊन वर जावं लागेल. साबणाच्या खोक्यावर पाणी मऊ, मध्यम की जड यानुसार मापं दिलेली असतात. स्टॉकहोमचं पाणी मऊ आहे, सवयीनं जास्त पावडर टाकली की फेस जात नाही, कपड्यांत राहतो आणि अंगाला खाज सुटते. जिथे पाणी जड, तिथे माप वाढवा. रंग जाणारी नवी सुती चादर किंवा ओढणी इथे आणूच नका, घरी बादलीत दोनदा काढा. मशीनच्या दाराच्या रबरात राहिलेला रंग पुढच्याच्या पांढऱ्या शर्टावर उतरतो.

निघताना ड्रायरच्या जाळीवरचा लोकरीसारखा कचरा हातानं काढायचा, साबणाचा खण पुसायचा, फरशी झाडायची. जाळी तुंबली की हवा खेळत नाही आणि पुढच्याचे कपडे वाळत नाहीत. मग भिंतीवर चिठ्ठी येते. नाव नसतं, आवाज नसतो, पण मजकूर बोचरा असतो. आणि मजकूर फक्त स्वीडिशमध्ये. पाटीवर कुठली भाषा यावरून वाद पाहत वाढलेल्या आपल्या माणसाला हे गमतीचं वाटेल, पण फोननं फोटो काढून भाषांतर करून घ्या. पुढची चिठ्ठी टळते.

कागदपत्रांचं थोडक्यात. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर कर खात्याकडे, स्काटेवेर्केतकडे, नोंदणी करून जन्मतारखेवर आधारलेला ओळख क्रमांक, ‘पर्शूननुम्मर’, घ्यायचा. तो आल्यावर बँक खातं, त्यावर बँक-आयडी ही इलेक्ट्रॉनिक ओळख, त्यावर ‘स्विश’ हे मोबाइलवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप. आपल्या यूपीआयसारखंच, पण त्या साखळीतली एक कडी उशिरा आली की पुढचं सगळं अडतं. अनेक दुकानं रोख घेत नाहीत, म्हणून पहिल्या महिन्यांसाठी परदेशात चालणारं कार्ड हवंच.

सामान बांधताना कुंदा बाहेर ठेवा, जिवावर येईल तरी. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशाच्या बॅगेतून आणायला बंदी आहे. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच, आणि तूपही त्यातच येतं. ताजा कढीपत्ता आणि आंबेही रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कुटलेलं तिखट, मसाला, शेंगदाण्याची चटणी न्या.

बाकीचं तिथे मिळतं, नावं ठाऊक हवीत. ‘कुम्मिन’ लिहिलेली बाटली जिऱ्याची नव्हे, विलायती शहाजिऱ्याची; जिरं म्हणजे ‘स्पीसकुम्मिन’. हळद ‘गुर्कमेया’. ज्वारी ‘दुर्रा’, तिचं पीठ आशियाई दुकानात शोधा. ‘वेतेम्योल’ म्हणजे मैदा, त्याची पोळी वातड होते. दह्यासाठी लाल खोक्यातलं 3 टक्क्यांचं दूध. हिरवं दीड टक्क्याचं, निळं अर्ध्या टक्क्याचं. विरजलेलं दूध घरातल्या 20-21 अंशांत लागत नाही, ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून सहा-आठ तास ठेवा. ‘फीलम्योल्क’ दह्यासारखं दिसतं, पण त्यातलं विरजण वेगळं. कढीला ठीक, दहीभाताला नाही.

फोडणी सांभाळून. काचेच्या विजेच्या शेगडीची आच बंद केल्यावरही टिकते, म्हणून मोहरी तडतडली की भांडंच उचलून बाजूला घ्या. घरात छताला धुराचा भोंगा असतो. अनेक इमारतींत स्वयंपाकघरातली हवा सगळ्या मजल्यांच्या एकाच नळीतून बाहेर जाते; तिला स्वतःचा मोटरचा पंखा जोडायला मनाई असते, कारण तुमचा वास वरच्यांच्या घरात ढकलला जातो. स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा, झाकण हाताशी ठेवा. आणि दाराजवळच्या खुंटीवरचं लोकरीचं जाकीट आधी आतल्या खोलीत न्या. ते दर आठवड्याला धुता येत नाही, आणि लसणीचा वास बसमध्ये तुमच्या आधी चढतो.