चार वेळा उडालेली पेन्सिल

काका, म्हणजे आमचं एक मराठी गिऱ्हाईक, आमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आले ते ऑक्टोबरच्या शेवटी. हाताखाली महोगनीची लाकडी पेटी आणि बरोबर एक अमेरिकन आजी. आजींचा नवरा उन्हाळ्यात वारला होता. काका आणि तो पेनसिल्व्हेनियाच्या रस्त्यांवरचे पूल तपासायचे काम तीस वर्षं एकत्र करत होते. आजींनी त्याच्या बंदुका विकायला काढल्या आणि पहिला मान काकांना दिला. काकांनी फक्त ही पेटी मागितली.

इथे पेनसिल्व्हेनियात पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर शेजाऱ्याकडून घेतलं तरी ते परवानाधारक दुकानदारामार्फत किंवा शेरीफच्या कचेरीतूनच हस्तांतरित व्हावं लागतं. म्हणून ही मंडळी आमच्याकडे. मी 4473 नंबरचा केंद्राचा फॉर्म पुढे केला, राज्याचा वेगळा फॉर्म दिला आणि राज्य पोलिसांच्या तपासणी यंत्रणेला फोन लावला. काका नागरिक होऊन जमाना झालेला, पाच मिनिटांत होकार आला. (आपली एच-वन-बी वरची पोरं अधूनमधून चौकशीला येतात. त्यांना शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर हे घेता येत नाही. ते सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो.)

मी मूळचा कोल्हापूरचा, वडील उद्यमनगरात टर्नर. बायकोच्या नोकरीमागे इथे आलो, आधी एका टूलरूममध्ये लागलो आणि तिथून या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात. काकांना मी मराठी आहे हे आडनावावरून कळलं. सह्या आटोपल्यावर ते एकदम म्हणाले, "कुठला रे तू?" सांगितलं. "मी कराडचा. वडिलांकडे बारा बोअरची बंदूक होती. बहात्तरला शिकारीचा कायदा आला तेव्हा त्यांनी ती तेल लावून माळ्यावर ठेवली ती ठेवलीच."

मग पेटी उघडली.

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 29, साडेसहा इंची नळी, .44 मॅग्नम. ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी: हे काडतूस 1955 साली आलं आणि बरीच वर्षं हातात धरायच्या हत्यारांत त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. नाव चव्वेचाळीस असलं तरी गोळीचा व्यास .429 इंच. हत्यार सव्वा किलोच्या वर. सत्तरच्या दशकात पडद्यावरच्या एका पोलिसाने ते हातात घेतलं आणि दुकानांत ते मिळेनासं झालं. समोरचं 1978 साली घेतलेलं होतं. नळी आडव्या पिनेने पक्की केलेली आणि काडतुसाची कड बसायला सिलिंडरच्या (काडतुसं ठेवायच्या फिरत्या नळकांड्याच्या) प्रत्येक घराला वेगळी बैठक. ही दोन्ही कामं कंपनीने 1982 च्या सुमारास बंद केली, म्हणून जुन्याला आज भाव आहे. निळा पॉलिश असा, की त्यात माझी मिशी दिसत होती.

"चाप बघ," काका म्हणाले. "त्यानं स्वतः घासून केलाय. लोण्यासारखा."

हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. कारखान्यातून आलेल्या रिव्हॉल्व्हरचे दोष आम्हाला तोंडपाठ असतात. पण कोणा हौशी माणसाने रविवारच्या दुपारी टीव्हीसमोर बसून काय घासलं असेल, याचा काही नेम नसतो. आणि वाईट काम हाताला चांगलंच लागतं, ही यातली मोठी गोम आहे.

सिलिंडर रिकामा असल्याचं दोघांनी बघितलं. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग, हॅमर) अंगठ्याने पूर्ण मागे ओढून ठेवला आणि चापाला (ट्रिगरला) वजनाचा काटा लावला. दीड पौंड. शिकारीच्या रिव्हॉल्व्हरला घोडा ओढलेला असताना तीन पौंडांच्या खाली मी स्वतः कोणाला देत नाही. "काका, हे ठेवून जा. उघडावं लागेल." ते म्हणाले, मी थांबतो, मला घरी काय काम आहे.

आधी मापं. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघितली. सिलिंडर पुढे ढकलून 4 थाऊ, मागे दाबून 9. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरात वडील हाच शब्द वापरायचे आणि इथल्या म्हाताऱ्या मशिनिस्टांच्या तोंडीही तोच आहे, त्यामुळे मला पहिल्या दिवशीच घरच्यासारखं वाटलं होतं. तर 9 वजा 4, म्हणजे सिलिंडर 5 थाऊ मागेपुढे हलतो. जड काडतुसं वर्षानुवर्षं मारली की असं होतं. प्रत्येक गोळी सुटताना सिलिंडर हातोड्यासारखा पुढेमागे आपटतो आणि ज्या दांड्यावर तो फिरतो त्याची बैठक दबत जाते. हे दुरुस्त होण्यासारखं होतं. घोडा हळूहळू ओढत सहाही घरं बघितली, प्रत्येक घर घोडा पूर्ण मागे जायच्या आधी टक् करून बसत होतं. नळीच्या तोंडाशी तडा नाही. वरच्या पट्टीवर ज्वाळेने कोरलेली बारीक रेघ होती, ती या जातीत असतेच आणि काही खोलीवर जाऊन थांबते.

बाजूची झाकणपट्टी उघडताना मी काकांना जवळ बोलावलं. इथे नवशिके स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात आणि कड कायमची वाकवतात. स्क्रू काढायचे, हत्यार आडवं धरायचं आणि मुठीच्या लोखंडावर लाकडी दांड्याने टकटक करायची. पट्टी आपणच वर येते. काका हसले. "बेअरिंग काढताना आम्हीपण असंच करायचो."

आत बघितलं आणि मी दिवा जवळ ओढला.

मुख्य स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण आवळलेला होता, तेवढं एक बरं. पण चाप सोडल्यावर त्याला पुढे ढकलणारी जी स्प्रिंग असते, तिचे दोन-तीन वेढे कापलेले होते. ही स्प्रिंग ज्या ठोकळ्यात बसते त्याचं दुसरं कामही आहे. चाप पुढे आला की तो ठोकळा घोड्याच्या पायाखाली जातो आणि घोडा काडतुसापर्यंत पोहोचू शकत नाही. स्प्रिंग दुबळी केली की चाप हलका होतो खरा, पण ठोकळा आळशी होतो.

आणि घोड्याची खाच. घोडा मागे ओढल्यावर चापाचं टोक ज्या खाचेत अडकतं ती मुळातच इतकी उथळ असते की नवख्याला ती भिंगाशिवाय दिसत नाही. या गृहस्थाने तिला दगड मारला होता, म्हणजे धारेच्या दगडाने घासलं होतं. कोन बदलला होता आणि कड गोल झाली होती. हे भाग वरून कठीण केलेले असतात, आत मऊ. ते कठीण कातडं एकदा दगडाने काढलं की पुढची झीज दर वेळी घोडा ओढताना आपोआप होत जाते. म्हणजे तो पहिल्या दिवशी खूष झाला असेल आणि पुढे वर्षागणिक आणखी खूष.

पट्टी परत बसवली. मी काकांना म्हटलं, "एक गंमत दाखवतो," आणि नंतर मला त्या शब्दाची लाज वाटली. नळी छताकडे करून तिच्या तोंडातून रिकाम्या घरात एक पेन्सिल सोडली, खोडरबराची बाजू खाली. घोडा ओढून ठेवला. चापापासून बोट लांब, सगळ्यांना दिसेल असं. मग घोड्याच्या मागे नुसता अंगठा टेकवला आणि थोडा जोर दिला.

खट्. पेन्सिल उडून छताच्या फळीला लागली.

नीट हत्यारात घोडा असा निसटता कामा नये. निसटलाच तरी चाप पुढे येऊन ठोकळ्याने तो अडवायला हवा. इथे चाप मागे रेंगाळत होता आणि घोडा शर्यत जिंकत होता. मी दहा वेळा केलं. कधी ठोकळा वेळेवर आला, कधी नाही. चार वेळा पेन्सिल उडाली.

मालक गल्ल्यावरून उठून आले होते. काका मात्र काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची ओढली आणि मराठीत, अगदी हळू, विचारलं, "चापाला बोट नव्हतं ना तुझं?"

"नव्हतं काका."

मग त्यांनी सांगितलं. 2013, थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार. तेव्हा हरणाचा हंगाम सोमवारी उघडायचा, 2019 पासून तो शनिवारी उघडतो. मित्राने हेच रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं होतं, घे, या वर्षी पहिला बार तुझा. हरीण आलं, काकांनी घोडा ओढला, आणि हरीण झाडीत वळलं. मित्र म्हणाला, उतरव घोडा. काकांनी अंगठा घोड्यावर ठेवला. बोटं थंडीने लाकडं झालेली. बार झाला आणि मित्राच्या बुटापासून हातभर अंतरावर जमीन उखडली.

"मला वाटत होतं की चापाला बोट लागलंच नव्हतं. पण बार झाला म्हणजे लागलं असणार. दुसरं कारण काय असणार? त्यानंतर मी त्याच्याबरोबर रानात जात राहिलो, पण हातात काही घेतलं नाही. थर्मास घेऊन बसायचो."

"ते काय म्हणाले तेव्हा?"

"काही नाही. शिवीसुद्धा दिली नाही. माझ्या हातातून घेतलं, रिकामं केलं, आणि म्हणाला चल, कॉफी पिऊ."

त्या गोष्टीला अजून बारावं वर्षही लागलं नव्हतं. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी पावती लिहायला घेतली. हत्यार रात्री दुकानात राहणार म्हटल्यावर वहीत नोंद करावी लागते, नंबर, तारीख, नाव. तेवढा वेळ मला बरा पडला.

दुरुस्तीत सांगण्यासारखं थोडंच आहे. दगड मारून बिघडलेली खाच पुन्हा दगड मारून सुधारत नाही, त्यामुळे त्याच पिढीचा घोडा आणि चाप शोधून मागवले. यायला दोन आठवडे लागले. कापलेली स्प्रिंग काढून पूर्ण ताकदीची घातली. सिलिंडरच्या आत 2 थाऊ जाडीच्या दोन चकत्या बसवल्या. हलणं एका थाऊवर आलं. चकत्यांमुळे सिलिंडर मागे राहतो, म्हणून नळीशी फट 8 ते 9 थाऊ झाली, सर्वसाधारण 4 ते 10 च्या मर्यादेत. नव्या भागांना मी कानस लावली नाही. फक्त ठोकळ्याच्या तळाचे आणि तो सरकतो त्या जागेचे बर (कडेला उरलेले धातूचे कंगोरे) काढले, धुतलं, एक थेंब तेल. चाप सव्वातीन पौंडांवर आला. लोण्यासारखा नाही. पण काच तुटावी तसा, एकदम. अंगठ्याने मागून जितका जोर लावता येतो तितका लावला, पन्नास वेळा. पेन्सिल जागची हलली नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काकांना घेऊन रेंजवर गेलो. काढलेला घोडा मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांना दिला, गिऱ्हाइकाचा जुना भाग गिऱ्हाइकाला परत, हा आमचा रिवाज. त्यांनी तो जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला.

पहिली सहा काडतुसं त्यांनी मारली ती सगळी नुसता चाप ओढून. घोडा अंगठ्याने मागे न नेता, एका लांब ओढीत. चव्वेचाळीसला असं मारणं सोपं नाही, आणि अकरा वर्षांनी हत्यार धरलेल्या माणसाला तर नाहीच. दोन गोळ्या कागदावर, चार मातीत.

"काका, घोडा ओढून मारा ना. तेच तर दुरुस्त केलंय."

"सवय बघ," ते म्हणाले. "त्याला इतकी वर्षं असंच बघितलं. तो घोडा ओढायचाच नाही. लोकांना सांगायचा, खरा नेमबाज चापानंच मारतो."

मला काउंटरवरचा शब्द आठवला. लोण्यासारखा. घोडा न ओढता मारणाऱ्याला त्या लोण्याचा काय उपयोग?

"पहिल्यापासून?" मी विचारलं.

काकांनी कानावरचं आवाज अडवायचं मफ खाली गळ्यात घेतलं. शेजारच्या लेनमधला माणूस रिकामी खोकी गोळा करत होता, तो जाईपर्यंत ते थांबले.

"नाही," ते म्हणाले. "आधी ओढायचा."

सिलिंडर उघडून त्यांनी रिकाम्या पुंगळ्या हातात घेतल्या, उजेडाकडे धरून सहाही घरं एक एक करून बघितली आणि सिलिंडर मिटला. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे धरून घोडा पूर्ण मागे ओढला. चापापासून बोट लांब. अंगठ्याने मागून जोरात ढकललं. घोडा हलला नाही. त्यांनी पुन्हा ढकललं.