रिटर्न कोड शून्य, आकडे मात्र जुनेच

मंथ-एंडची रात्रपाळी होती. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची मेनफ्रेम बॅच (मोठ्या संगणकावर एकामागोमाग चालणारे जॉब) आम्ही नागपुरात, मिहानमधल्या ऑफिसातून सांभाळतो. प्रीमियमच्या राउंडिंगमधली चूक कोबोल भाषेतल्या एका छोट्या सबप्रोग्राममध्ये, म्हणजे मेन प्रोग्राम बोलावतो त्या उपप्रोग्राममध्ये, दुरुस्त झाली होती. कंपाइल झालं, लिंक झालं, सगळीकडे रिटर्न कोड शून्य, म्हणजे कुठेही चूक नाही. रिपोर्टमध्ये आकडे मात्र जुनेच!

सगळे लॉजिक तपासायला बसले. मी टीममधल्या नव्या मुलाला सबप्रोग्रामच्या सुरुवातीलाच एक डिस्प्ले, म्हणजे आउटपुटमध्ये एक ओळ छापणारी सूचना, टाकायला सांगितलं. जॉब संपला, त्याने सिसआउट, म्हणजे जॉबचं आउटपुट, उघडला.

"येऊन राहिला का रे डिस्प्ले?"

"नाही येऊन राहिला, सर."

म्हणजे नवा कोड चालतच नव्हता. मेन प्रोग्राम नोडायनॅम या कंपायलरच्या पर्यायाने कंपाइल केलेला असला आणि कॉलमध्ये सबप्रोग्रामचं नाव थेट अवतरणात लिहिलेलं असलं, की सबप्रोग्राम मेनच्याच लोड मॉड्यूलमध्ये (चालवायला तयार प्रोग्राममध्ये) शिवला जातो. मग लायब्ररीत त्याची नवी प्रत वेगळी ठेवली तरी तिला कोणी विचारत नाही. म्हणून तर मेन रिलिंक केला होता, म्हणजे भाग पुन्हा जोडले होते, तोही बिल्ड टूलच्या मॅन्युअलमधलं लिंककार्ड (जोडणीच्या सूचना) जसंच्या तसं घेऊन: आधी जुनं लोड मॉड्यूल इन्क्लूड करा, मग नवं ऑब्जेक्ट (सबप्रोग्रामचा नव्याने कंपाइल केलेला कोड), नंतर आलेलं आधीच्याची जागा घेतं.

मॅन्युअल बाजूला ठेवलं आणि तयार झालेल्या मॉड्यूलवरच एएमबीलिस्ट (मॉड्यूलच्या आत काय आहे ते दाखवणारं आयबीएमचं टूल) चालवलं, लिस्टआयडीआर ही सूचना देऊन. त्यात प्रत्येक सीसेक्ट, म्हणजे मॉड्यूलमधला कोडचा तुकडा, कोणत्या कंपायलरने कधी बनवला ते दिसतं. मेनची तारीख ठीक होती. राउंडिंगच्या सीसेक्टसमोर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती.

भाग जोडून मॉड्यूल बनवणाऱ्या आयबीएमच्या बाइंडरचा नियम मॅन्युअलच्या नेमका उलटा आहे. एकाच नावाचे दोन सीसेक्ट आले तर पहिला राहतो, नंतरचा गळतो. बाइंडरच्या लेखी ही चूकच नाही, कारण जुना भाग बदलायची रीतच ती आहे: नवं आधी द्यायचं, जुनं मॉड्यूल मागून. म्हणून तो तक्रार करत नाही. आम्ही दोन इन्क्लूडची अदलाबदल केली. डिस्प्ले आला, आकडे जुळले.

बाइंडरवर माझा राग नाही; त्याच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे. राग आहे तो मॅन्युअलमध्ये ते वाक्य लिहून एकदाही चालवून न बघणाऱ्यावर. त्याच मॅन्युअलमध्ये लोड लायब्ररी साधी पीडीएस (लायब्ररीचा जुना प्रकार) करायला सांगितली आहे. २०१३ साली आलेल्या एंटरप्राइझ कोबोल ५ पासून एक्झिक्युटेबलला पीडीएसई हा नवा प्रकार लागतो. पानोपानी 'लिंकेज एडिटर', म्हणजे बाइंडरच्या आधीचं टूल, लिहिलंय, आणि आयईडब्ल्यूएल हे जुनं नाव दिलं तरी बाइंडरच चालू होत असल्यामुळे पान किती शिळं आहे ते कळतही नाही. नवी मुलं असल्या पानावर विश्वास ठेवून काम करतात, आणि चुकीचा प्रीमियम भरतो तो कुठला तरी पॉलिसीधारक.

टूलवाल्यांना अदलाबदलीच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही लिस्टिंग जोडून तिकीट (तक्रार) टाकलं. "टूल अपेक्षेप्रमाणे चालत आहे," एवढंच उत्तर आलं. तिकीट मी पुन्हा उघडलंय. आमच्या बिल्ड जॉबमध्ये आता लिंकनंतर एएमबीलिस्टची स्टेप आहे. सीसेक्टच्या तारखा बघितल्याशिवाय प्रॉडक्शनला काहीही जात नाही.