पानी आलं का पानी

झोप येईना म्हणून लिहायलोय. रात्रीचे पावणेदोन झालेत. कारण सांगितलं तर लोक हसतील, आणि हसण्याचाच तर सगळा घोळ आहे.

शनिवारी दहावीच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली, ४८ सेकंदांची. विषय साधा. गेटटुगेदर लातूरला ठेवायचं तर ठेवा, आमच्याकडं उतरा, पण नळाला पानी आठ-आठ दिवसांनी येऊलालंय, तेवढं बघून तारीख धरू. बस. दहा मिनिटांत पुण्याच्या साहेबांची नोट आली, माझाच आवाज काढलेला. ‘नळाला पानी येऊलालंय वोऽऽ’. तो ‘वो’ मी म्हणलोच नव्हतो, ते त्यानं पदरचं घातलं. खाली हसून डोळ्यात पाणी आलेली ती पिवळी तोंडं, एकवीस मोजली मी. बाविसावं माझंच.

तेच डोक्यातून जाईना. मी का हसलो?

इयरफोन लावून अकरा वेळा ऐकली ती नोट. खरं सांगू का, नक्कल भारीय. ‘पानी’तला न बरोबर धरलाय. धरणारच की, केजला शाळेत असताना हाच गडी माझ्यासारखंच बोलायचा, ण त्याच्या जिभेवर पुण्यात गेल्यावर उगवला. ही थट्टा का टिंगल एवढंच मला ठरवायचंय आणि तेच ठरंना.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा आम्हीच हसायचो की, लातूरच्या पाण्याला आता तिकीट लागतंय म्हणून. घागर घेऊन लाईनीत उभं राहून हसायचो. तोच जोक पुढच्या महिन्यात पुण्यातल्या एका लग्नात, पंगतीत एकानं मारला आणि माझा घास घशातच अडकला. शब्द तेच होते, पण त्याच्या हातात घागर नव्हती, थंड पाण्याची बाटली होती. बरं, मग तोच नियम साहेबांना लावावा तर त्याच्या आईनं डोक्यावर हंडे वाहिलेले मी बघितलेत. त्याला हक्क नाही का? आहे. मग मला का लागलं? इथं आलं की गाडी अडते.

आमच्या केज तालुक्यात विड्याला धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. जावई लोक आधीच दडून बसतात, मग त्यांना हुडकायला माणसं फिरतात. लहानपणी बघायला गेलतो, त्या माणसाचं तोंड अजून आठवतंय, रंगानं माखलेलं, रडायलाय का हसायलाय काही कळत नव्हतं. पण मिरवणूक संपली की त्याला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी. म्हणजे घेतली तेवढी अब्रू परत, वर व्याज. आमच्या ग्रुपवर गाढव तेवढं मिळतं, अंगठीचं कोणी नाव काढत नाही.

आणि मी तरी काय धुतला तांदूळ आहे. मास्तरचं ते स्टिकर कोणी केलं? तोंडात जिलेबी कोंबलेलं. तीन महिने वापरलं आम्ही, गुड मॉर्निंगला पण तेच. मग एका दुपारी ‘ग्रुप सोडला’ अशी बारकी राखाडी ओळ. त्यावर मी लिहिलं होतं, मजाक कळत नसंल तर काय करावं. त्याला पण सगळे हसलेच. तेव्हा मास्तरच्या घरी... जाऊ द्या.

दोन दिवस रुसून ग्रुपवर काही टाकलं नाही. वाटलं, कोणीतरी विचारंल, गडी गप्प का म्हणून. कोणाला पत्ता नाही. माझ्या अपमानाचं आयुष्य इनमिन तीन तास, त्यानंतर सगळे पीकविम्यावर गेले आणि तिथं एकमेकांची आई-बहीण काढून मोकळे झाले, त्यात मात्र कोणाला काही लागलं नाही.

संध्याकाळी हिला दोन्ही नोटा ऐकवल्या, बघ म्हणलं, लोक कसे असतात. तिनं नीट कान लावून ऐकल्या आणि विचारलं, “ह्यातली तुमची कोणती?”

आधी चिडलो. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिता पिता असं हसू फुटलं की ठसका लागला. हे हसू त्या बाविसाव्या तोंडासारखं नव्हतं, एवढं मला कळलं. का नव्हतं ते नाही.

आत्ता साहेबांना पर्सनलला टाकलंय, ‘गाढवावर बसवलास, अंगठी कधी देतूस?’ दोन टिक आल्यात, निळ्या झाल्या नाहीत. झोपला असंल. मास्तरचा नंबर पण काढून ठेवलाय. रात्री दोनला कोणाला फोन करता येत नाही, ते एक बरंय.

खाली हौदात आवाज यायलाय. पानी येऊलालंय. मोटर लावून येतो.