धूमकेतूचं बारसं

मागच्या महिन्यात भाचीचं बारसं झालं. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा. म्हणजे नाव वहिनीनं केव्हाच ठरवलेलं, मी फक्त पाळण्यावर वाकून कानात कुर्रर्र करायचं. मग 'अर्थ काय गं?' सुरू झालं आणि वहिनीनं मोबाइल काढला. मला मात्र रोझेटा आठवली.

2004 मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेनं एका धूमकेतूकडे रोझेटा नावाचं यान पाठवलं. धूमकेतूचं नाव 67पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको. शोधणाऱ्यांची आडनावंच चिकटली बिचाऱ्याला. हे पाळण्यात घ्यायचं म्हणजे आत्याची जीभ वळायची नाही. यानाच्या वेळी मात्र कुणीतरी मनापासून विचार केलेला दिसतो. 1799 मध्ये नाईलच्या मुखापाशी, रोझेटा गावात, फ्रेंच सैनिकांना एक फुटकी शिळा सापडली. त्यावर एकच फर्मान तीन लिप्यांत. त्यातलं ग्रीक वाचता येत होतं. त्याचंच बोट धरून शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकानं 1822 मध्ये इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीचं कोडं सोडवलं. धूमकेतू म्हणजे सूर्यमालेच्या जन्मवेळचा मजकूर, बर्फात जपलेला. तो वाचायला निघालेली, म्हणून रोझेटा.

धूमकेतूवर उतरायला तिच्या पोटात जे छोटं यान होतं, त्याचं नाव फिली. नाईलमधल्या फिली बेटावरच्या एका स्तंभावर टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही नावं ग्रीकमध्येही होती आणि चित्रलिपीतही. शिळेचं अडलेलं वाचन पुढे सरकायला त्याची मदत झाली. हे नाव सुचवलं मिलानजवळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीनं. आत्या शोभली असती.

हा धूमकेतू म्हणजे दोन गोळे चिकटवल्यासारखा. त्यांच्यामधल्या खोबणीला हापी म्हणतात. हापी नाईलच्या पुराची देवता, आणि सुरुवातीला धूळ-वाफेचे फवारे तिथूनच उसळत होते. छोट्या यानाच्या उतरायच्या जागेचं नाव अगिल्किया. फिली बेटावरची देवळं धरणाच्या पाण्यात जायला लागली, तेव्हा दगड न् दगड सुटा करून शेजारच्या ज्या बेटावर पुन्हा उभी केली, ते हे. देवळं तिथं नीट बसली. यान बसलं नाही. 12 नोव्हेंबर 2014 ला ते अगिल्कियावर अचूक टेकलं, पण जमिनीत रुतायचे भाले सुटलेच नाहीत. गडी उसळला तो जवळजवळ दोन तास तरंगत गेला आणि कड्याच्या सावलीत अडकला. ऊन पुरेना, बॅटरी अडीच दिवसांत संपली. त्या जागेला नाव दिलं अबायडोस. इजिप्तमध्ये मृतांचा देव ओसायरिस, त्याची समाधी जिथं मानत, ते गाव. इतकं चपखल नाव ठेवू नये खरं तर.

30 सप्टेंबर 2016 ला रोझेटालाही हळूच धूमकेतूवर टेकवून गप्प केलं. त्या जागेचं नाव साईस. साईस हे इजिप्तमधलं प्राचीन नगर; रोझेटाची ती शिळा मुळात तिथल्या देवळात उभी असावी, असं मानतात. यान माहेरी पोचलं म्हणायचं. शिळा 1802 पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.