हिरव्या-पिवळ्या नकाशातली आमची हरकत

प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन पुढे कशासाठी वापरायची याचा मसुदा, जाहीर झाला की गावात एकच प्रश्न फिरतो, "आपला गट यलोत आला का?" आमच्याकडेही तेच झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशाचे तुकडे यायला लागले. कुणी आपल्या गटाभोवती, म्हणजे आपल्या जमिनीच्या तुकड्याभोवती, लाल गोल काढून पाठवत होतं, कुणी खाली नुसतेच टाळ्यांचे इमोजी टाकत होतं. नकाशात पिवळा म्हणजे निवासी विभाग आणि हिरवा म्हणजे शेती. दोघांच्या भावात एवढी तफावत की लोक आता जमिनीचा पोत विचारत नाहीत, रंग विचारतात. आमचा भाजीपाल्याचा मळा सगळाच्या सगळा पिवळा झाला होता. चुलतभावाने फोन करून माझं अभिनंदनही केलं.

मला मात्र नकाशा बघून चक्रावल्यासारखं झालं. गावाच्या पूर्वेला मुरमाड माळ आहे. तिथे कुसळांखेरीज काही उगवत नाही, शेरडं चारायला नेतात तेवढंच. तो माळ नकाशात हिरवागार. आणि पश्चिमेला पाटाखालची काळी, बारमाही पाण्याची जमीन आहे, जिथून रोज पहाटे शहराच्या मार्केटला मेथी-कोथिंबीर जाते, ती पिवळी. कारण शोधायला लांब जावं लागत नव्हतं. मोठा रस्ता पश्चिमेने जातो, आणि शहर रस्ता धरून वाढतं.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याच्या कलम 26 प्रमाणे प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात आली की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. मुंबईबाहेर तरी एवढेच. त्यातले बरेचसे दिवस आराखडा नीट बघायला मिळण्यातच जातात. कार्यालयात भिंतीवर लावलेल्या नकाशात गट नंबर भिंगाने बघावे लागत होते. आपली जमीन कोणत्या विभागात आहे याचा झोन दाखला आणि तेवढ्याच भागाचा नकाशा, म्हणजे भाग नकाशा मागितला, तर अर्ज कुणाकडे द्यायचा यावर दोन टेबलांत एकमत नव्हतं. ते सविस्तर सांगत बसत नाही, ज्यांना सरकारी कामाचा अनुभव आहे त्यांना कळेलच.

सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. नकाशा सगळे बघतात, त्याच्याबरोबरचा अहवाल कुणी उघडत नाही. मी तो घेऊन बसले. आराखडा साधारण वीस वर्षांचा विचार करून केलेला असतो. तेव्हा लोकसंख्या किती असेल, घरांना किती हेक्टर लागतील, हे गणित अहवालात मांडलेलं असतं. ते वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. "आमच्याकडे घरं नकोत" असं म्हणत गेलो तर आपलं कुणी ऐकणार नाही, कारण त्यांना तेवढे हेक्टर कुठेतरी दाखवायचेच आहेत. आपण दाखवले नाहीत, तर ते रस्त्याकडेला दाखवून मोकळे होणार.

दुसरी सापडलेली गोष्ट म्हणजे विद्यमान जमीन वापर नकाशा. आराखडा करण्याआधी कोणत्या जमिनीवर आज काय आहे याचं सर्वेक्षण करून हा नकाशा तयार करावा लागतो, कलम 25 तसं सांगतं. नगररचनावाले त्याला ईएलयू म्हणतात. त्यात आमच्या पाटाखालच्या पट्ट्यातले कितीतरी गट "मोकळी जागा" म्हणून रंगवलेले होते. दोन पिकांच्या मधे रान नांगरून टाकलेलं असताना कुणी वरून बघितलं असेल, तर ते मोकळंच दिसणार. पण त्याच एका शब्दावर पुढचा सगळा डोलारा उभा होता. जमीन मोकळीच आहे म्हटल्यावर तिच्यावर घरं दाखवायला कुणाचं मन खाईल?

मग आम्ही कागद जमवायला लागलो. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, पिकाची नोंद असते आणि ते पीक जलसिंचित की अजलसिंचित हेही असतं. ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून शेतकरी स्वतः मोबाईलवरून फोटोसकट नोंद करतो. ज्यांनी केली होती त्यांचं काम सोपं झालं. ज्यांनी कंटाळा केला त्यांच्या उताऱ्यावर पिकाचा रकाना कोराच, आणि कोरा रकाना आपल्याच विरुद्धचा पुरावा ठरतो. त्यांच्यासाठी पाणीपट्टीच्या पावत्या शोधल्या, मार्केटच्या आडत्यांकडच्या मालविक्रीच्या पट्ट्या काढल्या. गावातल्या एका कॉलेजच्या मुलाने कॉम्प्युटरवर गुगल अर्थमधली जुन्या वर्षांची चित्रं काढून दिली. त्यात तोच पट्टा कधी हिरवा, कधी तपकिरी, पण पडीक कधीच नाही, हे एका पानावर दिसत होतं. माझ्या मते सगळ्या फायलीतलं सगळ्यात कामाचं पान तेच.

इथवर सगळं कागदाचं काम होतं, तेव्हा सोपंच म्हणायचं. अवघड होती ती गावची बैठक.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात लोक जमले तेव्हा मला वाटलं होतं, निम्मे तरी आपल्या बाजूने असतील. नव्हते. एकाने मगरपट्ट्याचं उदाहरण दिलं. पुण्यात हडपसरला सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली, बिल्डरला न विकता स्वतःच कंपनी काढून भागधारक झाले, ते आपण का करू नये? प्रश्न बिनतोड होता. फक्त मगरपट्ट्याला एकाच भावकीची जवळीक होती आणि नेतृत्व करणारा घरातलाच माणूस होता. आमच्याकडे बांधावरून दोन पिढ्या कोर्टात असलेली मंडळी एका कंपनीत बसतील, हे बोलणाऱ्यालाही पटत नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी वसईचं नाव काढलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, हजारो लोक रस्त्यावर उतरले, तसा मोर्चा काढू म्हणाले. त्यावर मागून आवाज आला, "तिकडं सगळ्यांना हिरवं ठेवायचं होतं. इथं कुणाला ठेवायचंय?"

मग तात्या उठले. आमच्या शेजारचेच, वयाने वडिलांच्या बरोबरीचे. म्हणाले, "पोरी, तुझा नवरा नोकरीला आहे. तुझी हिरवळ तुला परवडते. माझ्या दोन्ही पोरांना शेतीवाला म्हणून मुलगी मिळंना. जमीन पिवळी झाली तर गुंठे विकून एकाला दुकान टाकून देईन. तुझ्या हौसेची किंमत मी का मोजू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं सांगायचं तर कायद्याकडेही नाही. जमिनीवर शाळेचं किंवा बागेचं आरक्षण पडलं तर मालकाला मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, मागता येतो. जमीन शेती विभागात राहिली म्हणून मात्र कुणी एक रुपया देत नाही. सगळ्या शहराला जवळची ताजी भाजी हवी, पावसाचं पाणी मुरायला रान हवं, आणि त्याचा भार ज्याच्या सातबाऱ्यावर हिरवा रंग पडला त्याने एकट्याने उचलायचा. शेती वाचवा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडायला हवा. तो न मांडता भाषणं करणाऱ्यांचा मला हल्ली रागच येतो.

त्या बैठकीनंतर मागणीचं रूपच बदलून गेलं. "पिवळं नको" ऐवजी "पिवळं तिकडे करा" असं झालं. मुरमाड माळावर निवासी विभाग दाखवा, तेवढेच हेक्टर पाटाखालच्या पट्ट्यातून कमी करा. गावठाणाभोवतीची जागा आधी मोजा, कारण गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनींना निवासी वापराची सोय जमीन महसूल संहितेच्या 42-ड कलमात आधीच केलेली होती. आणि मोठ्या रस्त्याला लागून एका प्लॉटच्या खोलीएवढी पट्टी पिवळी राहू द्या. ही शेवटची ओळ तात्यांसाठी आणि त्यांच्यासारख्या रस्त्याकडेच्या मंडळींसाठी होती. माळावर ज्यांच्या जमिनी होत्या ते अर्थातच एका रात्रीत आमचे समर्थक झाले. त्यांची गरज प्रामाणिक होती आणि आम्हाला सह्या हव्या होत्या.

हरकती कशा द्यायच्या यावरही बरीच चर्चा झाली. शेकडो सह्यांचं एकच निवेदन दिलं तर त्याला आवक क्रमांक एकच पडतो आणि सुनावणीला बोलावणंही एकच येतं. म्हणून प्रत्येकाने आपल्या गटाची वेगळी हरकत द्यायची, सोबत आपला सातबारा, आणि सगळ्यांना जोडपत्र म्हणून तोच एक नकाशा. हरकत घ्यायला जमीन नावावर असायला हवी असंही नाही, कायद्यात "कोणतीही व्यक्ती" असंच म्हटलंय. हे कळल्यावर खुरपणी-तोडणीला येणाऱ्या बायकांनीही हरकती दिल्या. मळे गेले की आमची मजुरी जाते, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. ज्यांची नावं सातबाऱ्यावर फक्त इतर हक्कात आहेत, अशा माहेरवाशिणींनीही दिल्या. ग्रामसभेचा ठरावही जोडला. असा ठराव आराखडा करणाऱ्या नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक नसतो, पण नसला तर "गावाचं म्हणणं काय?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

प्रत्येक हरकतीची पोच घेतली, शिक्क्यासकट. टपालाने पाठवलेल्या काही आवकला दिसेनात, त्या पुन्हा हातोहात दिल्या.

कलम 28 प्रमाणे हरकती नियोजन समितीपुढे जातात. समितीत प्राधिकरणाचे सदस्य असतात आणि नगररचना, पर्यावरण यांतले जाणकारही. सुनावणीच्या दिवशी बाहेर ही गर्दी, आत प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटं. बहुतेक लोक आत जाऊन आपल्यावर अन्याय झाला एवढंच सांगत होते आणि पुढचा क्रमांक पुकारला जात होता. आमच्यातला पहिला आत गेला तेव्हा मी मोठा छापलेला नकाशाच टेबलावर पसरला. त्यावर पाट, विहिरी, माळ आणि जिथे घरं सुचवली होती ती जागा, सगळं गटनिहाय. समितीतल्या एका जाणकारांनी लगेच विचारलं, "माळावर पाणी कुठून देणार? ड्रेनेजचा उतार कुठे?" प्रश्न अडचणीचा होता, पण तो विचारला गेला म्हणजे त्यांनी आमची सूचना खरी धरली होती. उतार माळावरून ओढ्याकडे आहे, सांडपाणी प्रकल्पासाठी ओढ्याच्या अलीकडे जागा आहे, हे आमच्या त्या कॉलेजच्या मुलाने नकाशावर बोट ठेवून दाखवलं. पाण्याचं मात्र आम्हाला नीट सांगता आलं नाही.

तिथेच एकाने 2013च्या भूसंपादन कायद्याचा मुद्दा काढला. बहुपिकी बागायत जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं कलम 10 सांगतं ना? सांगतं. पण ते संपादनाला. झोन पिवळा झाला की कुणी संपादन करत नाही, मालक आपण होऊन विकतो. शिवाय आराखडा अंतिम झाल्यावर त्यात दाखवलेल्या वापरासाठी वेगळी बिनशेती परवानगीही लागत नाही, रूपांतरण कर वगैरे भरला की झालं. म्हणजे जी जमीन सरकारला घ्यायची तर कायदा आडवा येतो, तीच नकाशातल्या एका रंगाने अलगद जाते. म्हणून माझं मत असं झालंय की शेती वाचवायची खरी वेळ जमीन विकायला निघाल्यावर नसते, हे तीस दिवसच असतात.

समितीच्या अहवालानंतर फेरबदलांची यादी आली. पाटाच्या लगतचे गट परत हिरवे झाले. माळाचा अर्धाअधिक भाग निवासी झाला. रस्त्याकडेची पिवळी पट्टी मात्र आम्ही मागितली त्यापेक्षा बरीच रुंद राहिली आणि काही चांगली रानं तिच्यात गेली. आमचा मळा दोन रंगांत विभागला गेलाय. तात्यांचा रस्त्याकडेचा तुकडा पिवळा आहे, मागचा हिरवा. ते माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. ज्यांचा गट रस्त्यापासून लांब होता आणि पिवळ्याचा हिरवा झाला, त्यांच्यातले दोघं तर अजिबात बोलत नाहीत.

आता आराखडा शासनाकडे मंजुरीला गेलाय. तिथे मोठे, सारभूत स्वरूपाचे बदल करायचे झाले तर त्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवतात, त्याला सगळे ईपी (एक्सक्लूडेड पार्ट, म्हणजे मंजुरीतून बाजूला ठेवलेला भाग) म्हणतात. त्यामुळे राजपत्रावर लक्ष ठेवायची आम्ही पाळी लावली आहे आणि नकाशांची फाईल तशीच ठेवली आहे. आणखी एक काम डोक्यावर आहे. हिरव्या विभागातही बांधकामाच्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे गोदाम, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय अशा बऱ्याच गोष्टींना अटींवर परवानगी मिळते. पाटाच्या कडेला एका गोदामासाठी मोजणी झाल्याचं परवाच कळलं. त्या जागेचा भाग नकाशा काढायला टाकलाय.