डेन्व्हर ते मोआब: ट्रेलर ब्रेकचा इशारा आणि ॲक्सलच्या नळीतली वायर

युटामधल्या मोआबचे दगडी कमानींचे फोटो सगळीकडे आहेत. ते इथे नाहीत. इथे आहेत कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्यानंतरचे आठ मैल आणि डॅशबोर्डवरची एक ओळ. ट्रेलर ओढायचा अनुभव आहे, हिच (गाडी आणि ट्रेलरचा सांधा) जोडता येतो, जवळ मल्टीमीटर आहे, असं धरूनच लिहितो आहे.

डेन्व्हरहून आय-70 ने पश्चिमेला निघालं की साधारण 60 मैलांवर हा बोगदा, 11,000 फुटांच्या वर. बाहेर पडल्यावर सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग उतार, काही ठिकाणी 7 टक्के. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाटेत खडीचे दोन रॅम्प ठेवलेत, त्यावरून काय ते समजा. गाडी फोर्डची एफ-150 पिकअप, ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरच्या ब्रेकला वीज सोडणारा) गाडीतलाच. मागे दोन ॲक्सलचा भाड्याचा ट्रेलर, चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. आणि नेमका या उतारावर मेसेज, 'वायरिंग फॉल्ट ऑन ट्रेलर', म्हणजे ट्रेलरच्या वायरिंगमध्ये दोष. चाक रस्त्याच्या सांध्यावर आपटलं की मेसेज हजर, रस्ता गुळगुळीत झाला की गायब.

भाड्याने देणाऱ्याचा उपाय होता, 'ट्रेलरचा प्लग काढून परत लावा, मेसेज जातो.' जातोही. पुढच्या खड्ड्याला परत येतो. हा सल्ला ऐकू नका. शॉर्ट झाला की कंट्रोलर ट्रेलरकडे जाणारा करंट तोडतो, म्हणजे मेसेज असेपर्यंत मागच्या डब्याला ब्रेकच नाही आणि सगळा भार एकट्या पिकअपच्या ब्रेकवर. उतारावर मेसेज आलाच तर टो-हॉल मोड (ओझं ओढतानाचा गिअरचा मोड), खालचा गिअर, ब्रेक सतत दाबून न ठेवता मधूनमधून ठाम दाबून सोडायचा, आणि पहिली सुरक्षित जागा दिसताच थांबायचं. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या ट्रकवाल्याला हे शिकवावं लागत नाही.

फोर्डमध्ये मेसेज तीन, आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'ट्रेलर डिसकनेक्टेड' चालत्या गाडीत आला तर आधी प्लग बघा: पाती सैल, हिरवट गंज, किंवा केबल रस्त्यावर घासून तुटलेली. 'ट्रेलर ब्रेक मॉड्यूल फॉल्ट' ट्रेलर न जोडताही आला तर दोष गाडीत. 'वायरिंग फॉल्ट' मात्र दोन्हीकडचा असू शकतो. म्हणून प्लग काढा, गाडी बंद करा, दहा सेकंद थांबून पुन्हा चालू करा. मेसेज तरीही असेल तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये. प्लग लावल्यावरच येत असेल तर ट्रेलरमध्ये, आणि मग गाडीचं मॉड्यूल बदलायला सांगणाऱ्या गॅरेजमधून सरळ बाहेर पडा. आम्हाला तेच सांगितलं होतं, मीटर न लावता.

ट्रेलरकडे तीन गोष्टी संभवतात. ब्रेकची वायर घासून चासीला टेकते, ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याच्याच बॅटरीने ब्रेक लावणारा स्विच) पिन निसटून बॅटरीचा करंट उलट येतो, किंवा एखादा मॅग्नेट (चाकातला ब्रेक लावणारा विद्युतचुंबक) आतून शॉर्ट होऊन जास्त करंट खेचतो. पिन डोळ्यांनीच दिसते, ती आधी बघा.

मग करंट मोजा. प्लग गाडीतून काढलेलाच हवा. पिन ओढताना तो जोडलेला राहिला तर कंट्रोलर खराब होऊ शकतो. ट्रेलरची बॅटरी चार्ज असू द्या. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून मोजणारा, घ्या (स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, डबीवर वाचून घ्या). ब्रेकची वायर बहुधा निळी असते. ब्रेकअवेच्या जोडानंतर, ॲक्सलकडे जाणाऱ्या भागावर क्लॅम्प लावा आणि पिन ओढा. 10 किंवा 12 इंची ड्रमचा मॅग्नेट सुमारे 3.2 ओहमचा, म्हणून एकेक 3 ते पावणेचार अँपिअर खेचतो. चार मिळून 12 ते 15. नऊ-दहा आले तर एक चाक मेलेलं, सहा-सात आले तर बहुधा एक अख्खा ॲक्सल. शून्य म्हणजे मुख्य वायर तुटली किंवा बॅटरीच झोपली. 15 च्या बरंच वर म्हणजे शॉर्ट. आकडा बघितला की पिन लगेच परत घाला, नाहीतर मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते.

आता मुख्य गुन्हेगार. बऱ्याच ट्रेलरमध्ये डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची वायर ॲक्सलच्या पोकळ नळीतून नेलेली असते, आत मोकळी. दर खड्ड्याला ती नळीच्या काठावर घासते. आवरण गेलं की तांबं लोखंडाला टेकतं, तेही फक्त हादरा बसला तरच, म्हणून उभ्या ट्रेलरवर मीटर सगळं ठीक दाखवतो. खात्रीसाठी चारही मॅग्नेटच्या वायरी सोडा. आता ब्रेकची वायर आणि चासी यांच्यात मीटरने अनंत रोध दाखवायला हवा. नळीच्या दोन्ही तोंडांशी वायर ओढून-हलवून बघा. आकडा उडाला की चोर सापडला.

आतली वायर ओढून काढत बसू नका, दोन्हीकडून कापा आणि तिथेच सोडा. नवी 12 गेजची दोन तारांची केबल ॲक्सलच्या बाहेरून, मागच्या बाजूने, प्लॅस्टिकच्या पन्हळी नळीत घालून न्या. एका ॲक्सलला आठ फूट धरा. जोडांवर हीट-श्रिंक क्रिंप (दाबून बसवायचे, गरम केल्यावर आवळणारे जोड). स्प्रिंगला केबल बांधू नका, चाकाजवळ थोडी ढील ठेवा. पांढरी अर्थची वायर चासीला जिथे बसते तिथला गंजही घासून काढा.

एक गोष्ट मेसेज कधीच सांगत नाही. कंट्रोलरला फक्त वीज दिसते. बेअरिंगला ग्रीस जास्त मारून ते सीलमधून ब्रेक शूवर आलं, किंवा शू झिजले, तर डॅशबोर्ड निवांत आणि ब्रेक मात्र नावाला. म्हणून दुरुस्तीनंतर मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी 20 मैलांनी जाताना कंट्रोलरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबा. गेन (कंट्रोलर ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर देतो तो आकडा) 6 पासून सुरू करा. ट्रेलरची चाकं लॉक झाली तर कमी, नुसतीच ढकलत आली तर जास्त. लॉक होण्याच्या किंचित खाली ठेवा. गेन 10 वर नेऊनही ओढ जाणवली नाही, तर ड्रम उघडा.

पुढचा व्हेल पास, ग्लेनवूड कॅनियन आणि क्रेसेंट जंक्शनहून हायवे 191 ने मोआब, यात सांगण्यासारखं काही नाही. भाड्याच्या ट्रेलरच्या कागदांवर सही करण्याआधी मात्र पिन ओढून अँपिअर दाखवायला सांगा. 'तसं कुणी विचारत नाही' हे उत्तर आलं, तर दुसरा ट्रेलर बघा.