ऑनलाइन कोर्स सोपा असतो ना, मॅडम?

जुलै उजाडला की एस.वाय., टी.वाय.ची मुलं स्टाफरूमच्या दारात घुटमळायला लागतात. ‘मॅडम, एनपीटेलचा क्वांटम मेकॅनिक्सचा कोर्स लावू का? ऑनलाइन आहे, सोपा असतो ना?’ हल्ली पालकही फोन करून हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

सोपा नसतो. घरबसल्या असतो, जवळपास फुकट असतो, पण सोपा नसतो.

एनपीटेल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून 2003 साली सुरू केलेला ऑनलाइन कोर्सचा उपक्रम. आता त्याचे कोर्स केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ पोर्टलवर असतात. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी हजार रुपये. नुसतं ऐकायचं असेल तर तेही नकोत. आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन सरांची क्वांटम फिजिक्सची व्याख्यानं कितीतरी वर्षं यूट्यूबवर आहेत. फळा, खडू आणि शिकवणारा माणूस, बस्स. जरूर ऐका. फक्त ती ऐकली म्हणजे कोर्स झाला, असं समजू नका.

असं का म्हणते ते एका गणितावरून सांगते. क्वांटमच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राच्या, कुठल्याही कोर्सात ‘पेटीतला कण’ येतोच: दोन अभेद्य भिंतींमध्ये कोंडलेला इलेक्ट्रॉन. व्हिडिओत सर समीकरण मांडतात, सोडवतात, साइनची लाट काढून दाखवतात. तुम्ही मान डोलावता. मग असाइनमेंटला प्रश्न येतो: सर्वांत खालच्या ऊर्जापातळीतला कण पेटीच्या मधल्या एक तृतीयांश भागात सापडण्याची शक्यता किती? एक तृतीयांश भाग, म्हणजे 0.33, असं लिहून निम्मी मुलं मोकळी होतात. पण लाट तर मध्यभागी सर्वांत उंच आहे आणि भिंतींपाशी शून्यावर येते, म्हणजे कण मधे जास्त वेळा सापडायला हवा. साइनचा वर्ग घेऊन मधल्या भागापुरतं इंटिग्रेशन केलं की उत्तर येतं 0.61 च्या आसपास, जवळजवळ दुप्पट. इंटिग्रेशन बारावीचंच आहे. पण हातात पेन घेतल्याशिवाय ते होत नाही, आणि पहिल्या खेपेला अर्धा तास सहज जातो. बारा आठवड्यांच्या कोर्सात आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ असतात. त्याच्या दुप्पट वेळ वहीसाठी ठेवा, असं मी सांगते. मुलांचे चेहरे तिथेच पडतात.

बहुतेक कोर्समध्ये सुरुवातीला ‘असाइनमेंट शून्य’ असते. गुण नसतात, म्हणून ती कोणी उघडतही नाही. माझ्या मते सगळ्यात कामाची तीच. कोर्सला लागणारं आधीचं गणित त्यात विचारलेलं असतं. मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन, कॉम्प्लेक्स नंबर बघून घाम फुटला, तर हा कोर्स पुढच्या सत्रात घ्या आणि आधी गणिताचा चार आठवड्यांचा एखादा करा. यात कमीपणा काही नाही.

मुदत टळली की असाइनमेंट बंद. वीज गेली, नेट गेलं, मावसभावाचं लग्न होतं, कोणी ऐकून घेत नाही. मात्र मुदतीच्या आत कितीही वेळा उत्तरं बदलून पाठवता येतात, शेवटची धरतात. म्हणून जमेल तेवढं आधी पाठवून ठेवा, मग सुधारत बसा. बारातल्या उत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात, तेव्हा एखादी हुकली म्हणून हातपाय गाळू नका.

आता टेलिग्रामबद्दल. प्रत्येक असाइनमेंटची उत्तरं तिथे फिरतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही आहे. त्यात बरीच चुकीची असतात, पण तो मुद्दा सोडा. हिशेब बघा. असाइनमेंटला 25 गुण, परीक्षेला 75. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30, दोन्ही हवेत. पाहून पाहून 25 पैकी 25 मिळवले आणि परीक्षेत 28 पडले, तर बेरीज 53 होऊनही प्रमाणपत्र नाही. परीक्षा घरून देता येत नाही. केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर संगणकावर तीन तास बसावं लागतं. तिथे टेलिग्राम नसतं.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांना पहिले दोन आठवडे इंग्रजीपेक्षा उच्चार जास्त छळतात. कोणी बंगाली वळणाचं बोलतं, कोणी तमिळ. वेग 0.75 करा, सबटायटल लावा, व्याख्यानाची छापील संहिता मिळते ती उतरवून घ्या. कान लवकर सरावतो.

प्रयोगांचं मात्र काही खरं नाही. व्हर्च्युअल लॅब आहेत, चांगल्या आहेत, तत्त्व समजायला उपयोगी पडतात. न्यूटन्स रिंग्ज, म्हणजे भिंग आणि काच यांच्यामधे दिसणारी प्रकाशाची वर्तुळं, तिथे एका क्लिकवर दिसतात. पण आमच्या लॅबमधला सोडियमचा दिवा आधी गुलाबी पेटतो, पिवळा व्हायला काही मिनिटं लावतो. काचेवर धूळ असेल तर मधलं वर्तुळ काळं येतच नाही. मायक्रोस्कोपचा स्क्रू उलटा फिरवला की बॅकलॅशमुळे, म्हणजे स्क्रूच्या आट्यांमधल्या ढिलाईमुळे, सगळी रीडिंग्ज पुन्हा घ्यावी लागतात. ही कटकट म्हणजेच प्रयोग. ती ऑनलाइन मिळत नाही, म्हणून ऑनलाइन कोर्स लावलाय या सबबीवर माझं प्रॅक्टिकल बुडवायचं नाही.

क्रेडिटचं, म्हणजे हा कोर्स पदवीत धरला जाण्याचं विचाराल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’वरून करता येतात. पण म्हणजे कुठलाही कोर्स आपोआप गुणपत्रिकेवर येतो असं नाही. आपलं विद्यापीठ, आपलं कॉलेज तो विषय कशाच्या बदल्यात धरणार, हे नाव नोंदवायच्या आधी विचारा आणि विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. ‘होईल रे, बघू’ यावर थांबू नका. सत्र संपल्यावर प्रमाणपत्र घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभं राहिलात, तर आतला माणूस आधी तो कागदच मागणार आहे.